नव्याआधीची चव

बा, आज सकाळी सुनेनं माझ्यासमोर वाटीभर आंबील ठेवली आणि म्हणाली, "मामा, चव बघा." तिचं काही चुकलं नाही. यंदा नागली लवकर पिकली आहे, परवा पाड्यावर नवं आहे, नव्या धान्याचा पहिला घास सगळ्यांनी मिळून खायचा दिवस, नव्याचा मान अजून आपल्याच घराकडं आहे, आणि तिच्या माहेरी मानाच्या घरात असंच करतात. तिला वाटलं, म्हातारा खूश होईल. मी वाटीला असा हात मारला की आंबील चुलीच्या राखेत गेली. पोर घाबरून भिंतीला टेकली. मी तिला काही समजावलं नाही, माफी तर नाहीच मागितली. सासरे माफी मागत नाहीत, हे तुझ्याच घरात शिकलो. मग शाळेच्या पेटीतले कोरे कागद काढले आणि ओसरीवर येऊन बसलो. तुला जाऊन वीस पावसाळे झाले. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी तुलाच लिहितो आहे, कारण हा राग तुझा आहे आणि सकाळी मी तो त्या बिचाऱ्या पोरीवर काढला.

नवं म्हणजे काय हे मी तुला सांगावं, ही गंमतच आहे. पण ऐक, कारण तू ते विसरला होतास. आजानं मला सांगितलेली गोष्ट तुलाही सांगितली असणार. धान्याची देवी, कणसरी, पूर्वी बाईमाणसासारखी पाड्यात चालत यायची, दारोदार जायची, आणि ज्या घरात चूल विझलेली असेल तिथं आधी बसायची. मग एका वर्षी पाड्यातल्या मोठ्या घरानं दार लावून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी नवं धान्य शिजवून खाल्लं. शिजल्याचा वास कणसरीला आला. ती उठली आणि डोंगरात निघून गेली. त्या वर्षी कणसं आली, पण आत दाणा नव्हता. गाव तिला परत आणायला गेलं तेव्हा तिनं अट घातली: नवं सगळ्यांनी एका दिवशी खायचं, त्याआधी कुणी कणीस खुडायचं नाही, पहिली मूठ माझी आणि दुसरी मूठ ज्याचं कुणी नाही त्याची. आजा ही गोष्ट सांगताना त्या मोठ्या घराचं नाव घ्यायचा नाही, पण सांगता सांगता आपल्याच आढ्याकडं बघायचा. म्हणजे ही रीत आपल्यासारख्यांच्या हाताला आवर घालायला आली होती, बा, आणि तिची राखणही आपल्याकडंच दिली होती. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते आणखी काय असतं? आजा गेला त्या वर्षी मान तुझ्याकडं आला, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो.

आणि चव. आजा काय करायचा ते मला अजून दिसतं. पावसाची उघडीप झाली की तो उतारावरच्या नागलीत शिरतो, पाच ठिकाणची पाच कणसं तळहातावर चोळतो, दाणे दाताखाली धरतो आणि थुंकून टाकतो. दाण्यातलं दूध आटलं असेल तर म्हणतो, "चार दिसांनी नवं." बस, एवढीच चव. ती गिळायची नसते. तुझ्याकडं मान आला आणि चव गिळली जाऊ लागली. पहिल्या वर्षी मूठभर, भाजून. मग सूपभर, कारण भाकर केल्याशिवाय नागली पिकली की नाही ते कळत नाही असं तू म्हणालास. मग आईनं जातं पुढच्या खोलीतून उचलून कणगीच्या मागं नेलं, कारण त्याची घरघर अंगणापर्यंत जायला नको. तुला कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? ज्याच्या हाती ससा तो पारधी. आणि खरं सांगायचं तर पाड्याला सगळं ठाऊक होतं. मानाच्या घरी चव बघतात, ही हळूहळू रीतच होऊन बसली. आपल्या घरावरून जाताना पोरंसोरं नाक वर करून वास घ्यायची आणि एकमेकांना कोपरानं ढोसून हसायची. पहिल्यांदा खाल्लंस तेव्हा तूही दाराकडं बघितलं असशील, पण एकदा रीत म्हटली की कुणी दाराकडं बघत नाही. आई तेवढी दळताना दार लावून घ्यायची, ते अगदी शेवटपर्यंत.

तू वाईट माणूस नव्हतास, हेच मला सगळ्यात जास्त छळतं. वाईट असतास तर मी तुला केव्हाच मनातून काढून टाकलं असतं. मला जव्हारच्या शाळेत घातलंस तेव्हा लोक हसले होते, की पाटलाचा पोर आता कागद नांगरणार. तू माझ्यासाठी पाटी आणायला गेलास आणि भर पावसात चालत परत आलास, उघड्या डोक्यानं. मुंडासं काखेत होतं आणि पाटी त्यात गुंडाळलेली. "फुटली असती," एवढंच म्हणालास. तुझे केस कपाळाला चिकटलेत, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळतंय आणि तू उंबऱ्याशी बसून मुंडाशाची एकेक घडी उलगडतो आहेस, असा तू मला आजही दिसतोस. त्याच मुंडाशापायी पुढचं सगळं झालं. दसऱ्याला जव्हारला दरबार भरायचा, गावोगावचे पाटील जायचे. ज्यांना पागोट्याचा मान मिळालेला असायचा ते पुढं उभे राहायचे. तुझ्या मुंडाशाचा मूळ रंग कुठला, ते आईलाही आठवत नव्हतं, म्हणून तू आपणहून मागं, पालखीच्या भोयांजवळ उभा राहायचास. एकदा गर्दीत कुणीतरी तुला भोईच समजलं आणि पालखीच्या दांड्याला हात लावायला सांगितलं. तू लावलास. घरी येऊन हे हसत हसत सांगितलंस. ते हसू खोटं होतं हे मला त्या वयातही कळलं, आणि मला तुझ्यासाठी रडू आलं होतं.

त्या वर्षी मी अठरा वर्षांचा होतो. शाळा सुटून औत धरायला लागलो होतो. पाऊस वेळेवर झाला, भादव्यात उघडला, आणि उतारावरची नागली नेहमीच्या आधी तांबूस झाली. त्याच सुमारास जव्हारच्या कचेरीतले एक साहेब फिरतीवर पोशेऱ्याला आले होते. तू भेटायला गेलास, सोबत मी. बोलता बोलता तू नव्याचा विषय काढलास. साहेब घोड्यावर बसत म्हणाले, "असं का? येऊ एकदा तुमचं नवं बघायला." भला माणूस होता, जाता जाता बोलून गेला. आपणही कुणी वाटेत भेटलं की म्हणतोच, येतो एकदा घरी. पण परतताना तू ओढ्याच्या मध्येच थांबलास आणि म्हणालास, "यंदा नवं साहेबासमोर करायचा. मंग पागोटा कसा नाय देत बघू." मला वाटलं तू चेष्टा करतोयस. मी हसलो. दुसऱ्या दिवशी तू पाड्याला सांगितलंस की यंदा कणसरी साहेबांच्या पायानं येणार आहे, तोवर कुणी कणसाला हात लावायचा नाही. चार दिवस गेले. आठ गेले. साहेब आले नाहीत, कारण आपण त्यांची वाट बघतोय हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

भादव्यातल्या पोटाबद्दल तुला काय सांगू? कणग्या खरवडून झालेल्या, रानभाजी जून होऊन तिला धागे सुटलेले. एका बाजूला पिकून वाकलेली नागली, आणि तिच्याच बांधावरून बायका कुदळी घेऊन रानात कडू कांद खणायला चालल्यात. कडू कांद म्हणजे विषच. त्याच्या बारीक चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात दिवसभर रात्रभर ठेवायच्या, आणि मग एक चकती जिभेला लावून बघायची. जीभ चुरचुरली तर टोपली परत ओढ्यात. पाड्यावरच्या बायका ही चव बघत होत्या तेव्हा आपल्या घरी दुसरी चव चालली होती. साहेब कोणत्या दिवशी येतील सांगता येत नाही, मग नागली तयार आहे का ते रोज बघायला नको का, हे तुझं म्हणणं. आई पहाटे दार लावून दळायची आणि मी राखणीला निघालो की फडक्यात भाकर बांधून द्यायची. मी ती घ्यायचो. पाड्यावर कुणी कुरकुर करत नव्हतं. कणीस खुडलं तर कणसरी पुन्हा डोंगरात जाईल, ही भीती खरी होती, आणि खोटं बोलायचं नाही तर मलाही होती.

आत्या आली ती नवव्या दिवशी. नवरा मेल्यावर ती तान्ही पोर घेऊन माहेरी परतली होती, आणि तू तिला पाड्याच्या टोकाला उतारावरचा एक तुकडा कसायला दिला होतास. तो उन्हाच्या अंगाला, म्हणून तिची नागली सगळ्यांच्या आधी पिकायची. पोर आता पाच वर्षांची झाली होती. अंगणात दोन-तीन म्हातारे तुझ्याशी बोलत बसले होते. आत्या ओसरीच्या खालीच उभी राहिली.

"दादा, माझी नागली करपली. दाना गलतो हाय. पाखरां खातात, उंदीर खातात, मीच तेवढी खायची नाय. माला ओटीभर खुडू दे. पोरीपुरती."

"आठ दिस काढलास, अजून दोन काढ, बाय," तू म्हणालास. आवाज मऊ होता. तुझा आवाज कधी चढायचाच नाही. "एकीला दिली का सगले खुडतील. मंग नवं कशाचा?"

"साहेब येल का नाय, तुला तरी ठावं हाय का?"

आत चुलीवर आंबील रटरटत होती. आत्याची मान दाराकडं वळली.

"वहिनी, नागलीचा वास येतो."

"जुनी हाय," आई आतून म्हणाली.

"जुन्या नागलीला असा वास नसतो."

तू तंबाखू मळत होतास, मळायचा थांबला नाहीस. "चव बघतो हाय," म्हणालास. "मानाच्या घराला बघावी लागते. रीतच हाय ती. मी का माझ्या मनानं करतो?" म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खरंच होतं, रीतच होती. आत्यानं काही सांडल्यासारखा पदर झटकला आणि निघून गेली. तिला वाटीभर आंबील देता आली असती तुला. पण वाटीभर दिली की ती चव राहत नाही, जेवण होतं, आणि नव्याआधी जेवण तर आपल्या घरात कुणी करतच नव्हतं! तुझं डोकं असं चालायचं. बहिणीला उपाशी परत पाठवून तू चिमूट तोंडात टाकलीस आणि म्हाताऱ्यांशी बैलांबद्दल बोलायला लागलास.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन माझ्या माचाखाली आली. तू मला पाखरांच्या आणि डुकरांच्या राखणीला म्हणून बसवलं होतंस, पण राखण माणसांची होती हे आपण दोघंही जाणत होतो. माच मुद्दाम अशा जागी बांधायला लावलास की आत्याचा तुकडा, खालचा उतार आणि पाड्याची वाट, तिन्ही दिसावीत. ऊन चढलं आहे. पोर वर माझ्याकडं बघते आहे. केस भुरे झालेत, हातात मी तिला करून दिलेली बांबूची फिरकी आहे, ती फिरवत नाही, नुसती धरून उभी आहे. आत्यानं मला कडेवर वाढवलं होतं. आईला हिवताप यायचा तेव्हा मी तिच्याच पाठीला बांधलेला असायचो.

"तू नुसता डोला मिट," ती म्हणाली. "माझा शेत, माझी नागली. तू बघितलास नाय, झाला."

"बाला विचार, आते."

"बाला विचारला. आता तुला विचारते."

मी मान खाली घातली आणि गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो. "कणसरीचा कोप होल," म्हणालो. चार बुकं शिकलेला मी, तुझं वाक्य तुझ्याच मऊ आवाजात बोललो. ती हसली. रागानं नाही, थकून हसली. "बाचाच हायस," म्हणाली, आणि कुदळ खांद्यावर घेऊन रानाच्या वाटेला लागली. पोर तिच्या मागं चालताना दोनदा वळून बघत होती.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. आत्यानं कांद आणला, चिरला, उकडला, आणि टोपली ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवली. पाऊस थांबल्यामुळं ओढ्याची धार पातळ झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तरी ती पाण्यात राहायला हवी होती. सकाळी आत्या लाकडाला गेली आणि पोर एकटीच ओढ्यावर जाऊन टोपलीतल्या चकत्या खाऊन आली. पाच वर्षांची पोर. तिची जीभ चुरचुरलीच असेल, पण पोटापुढं जिभेचं काय चालतं? दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या. आत्यानं तिला चिंचेचं पाणी पाजलं, ताक मागत घरोघर फिरली. तू धावत गेलास, ते मी नाकारत नाही. भगताला आणायला माणूस पाठवलास, पोरीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसलास, तिच्या तोंडावरचं पाणी मुंडाशानं पुसलंस. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती गेली.

तिला मूठमाती देऊन आपण ओढ्यावर हातपाय धूत होतो तेव्हा तू ते वाक्य बोललास. "कांद नीट धुवाया पायजे होता." तुझे डोळे लाल होते, रडला होतास, आणि तरी हेच बोललास. कुणीतरी हं म्हणालं. दुसरा म्हणाला, बाईनं पोर एकटी सोडायची नसते. संध्याकाळपर्यंत पाड्यावर ठरूनही गेलं की आत्यानं कांद नीट धुतला नाही. नागलीचं नाव कुणी काढलं नाही, तुझं नाव कुणी काढलं नाही. त्या दिवशी मी पाण्यात पाय सोडून गप्प बसलो, म्हणून आता विचारतो. तिनं कांद धुवायला पाहिजे होता, मग तू काय करायला पाहिजे होतं? शेत तिचं, घाम तिचा, पिकलेला दाणा तिच्या पायाशी गळतो आहे, आणि सख्खा भाऊ तिला सांगतो की विष नीट धू! एका माणसाच्या जाता जाता बोललेल्या शब्दावर तू अख्ख्या पाड्याची चूल बांधून ठेवलीस. डोक्याला गुंडाळायच्या वीतभर रंगीत कापडासाठी! लोक निदान पोटासाठी पाप करतात, बा. तुझं पोट तर भरलेलं होतं, रोज, चव बघून बघून.

आणि एवढ्यावर तू थांबला नाहीस. त्याच दिवशी पोशेऱ्याहून आलेल्या एका माणसानं सांगितलं की साहेब केव्हाच जव्हारला परतले. तू नवं लांबवलंस तेव्हा ते घरी पोचलेसुद्धा होते. आता तुला घाई झाली. लोक उपाशी, एक पोर गेलेली, कुजबुज सुरू झालेली. पण सुतकात नवं करत नाहीत. एका म्हाताऱ्यानं भीत भीत तसं म्हटलं, तर तू लगेच उत्तर दिलंस, "बहीण दिली ती परक्या कुलात. पोर परक्या कुलाची. आपल्याला सुतक नाय." हेही रीतीला धरूनच होतं, कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. भुकेल्या पोरीसाठी जी रीत तसूभर हलत नव्हती, ती तुझ्यासाठी ओल्या बांबूसारखी हवी तशी वाकली. आत्या तेव्हा आपल्याच ओसरीच्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिनं ऐकलं. आईनं तिच्या अंगावर घोंगडी टाकली.

तिसऱ्या दिवशी नवं झालं. कणसरीच्या ठाण्यापुढं शेणानं सारवलेलं, सगळ्यांपुढं पळसाची पानं, तुझं मुंडासं धुतलेलं. तू पहिली मूठ देवीला वाहिलीस. दुसरी मूठ घेऊन तू थांबलास, कारण ज्याचं कुणी नाही असं माणूस त्या वर्षी शोधावं लागत नव्हतं. ती येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. ती आली. ओंजळ पुढं केली, तू मूठ सोडलीस, दाणे तिच्या ओंजळीत पडले. ती मागं वळली नाही. दोन पावलं पुढं आली, खाली वाकली आणि ते सगळे दाणे तुझ्या पानावर ठेवले.

"दादा, चव बघ," ती म्हणाली. "सगल्यांसमोर बघ. आज दार लावू नको."

मी तुझ्या बाजूलाच बसलो होतो. तू माझ्याकडं बघितलंस, मी पानाकडं बघितलं. कुठलं तरी लहान मूल रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. मला वाटलं तू आता उठशील, तिचे पाय धरशील, काहीतरी म्हणशील. निदान आजासारखं करशील, दाताखाली धरून थुंकून टाकशील. तू दाणे तोंडात टाकलेस, चावलेस आणि गिळलेस. आत्या तुझ्या गळ्याकडं बघत होती. घास खाली उतरला तशी ती वळली आणि चालायला लागली, आणि मग तू हात वर करून लोकांना सांगितलंस, "चला, खावा आता." लोकांनी खाल्लं. भुकेले होते, त्यांना मी काय म्हणू? आत्या दाभोशाकडं गेली, तिथं कुणाच्या तरी शेतावर मजुरीला राहिली एवढं कळलं. ती परत आली नाही आणि आपल्यापैकी कुणी आणायला गेलं नाही. तिच्या तुकड्यावरची नागली कुणी कापली नाही. मी माचावरून बघायचो, पाखरं तिच्यावर दिवसभर बसलेली असायची, आणि आता मला त्यांना हाकायला कुणी सांगत नव्हतं.

पागोटं तुला कधीच मिळालं नाही. तू गेलास तेव्हा डोक्याला तेच मुंडासं होतं, पाटी गुंडाळलेलं, पोरीचं तोंड पुसलेलं. तोवर मी इथल्याच शाळेत मास्तर झालो होतो. मान माझ्याकडं आला. त्याच वर्षी मी सांगितलं की आपल्या घरात चव बघणं बंद, आणि नव्याचा दिवस मी ठरवणार नाही. ज्याची नागली आधी पिकेल त्यानं येऊन सांगायचं, चौथ्या दिवशी नवं. म्हातारे चिडले, मास्तरनं रीत बाटवली म्हणाले. पण वीस वर्षांत या दिवसांत कुणी कडू कांदावर राहिलं नाही, आणि आता तेच लोक म्हणतात की मास्तर बापापेक्षा मोठ्या मनाचा. मी हे ऐकून घेतो. का केलं ते कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

कागद संपत आला. हा कुठं पाठवायचा नाही, शाळेच्या पेटीत जुन्या हजेऱ्यांच्या खाली जाईल. सून अजून आत भांडी घासते आहे, एरवीपेक्षा हळू आवाजात. पण एक गोष्ट मी वर लिहिताना गाळली, ती लिहितो आणि उठतो. आत्या माचाखाली उभी होती तेव्हा मी गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत होतो हे खरं आहे, पण त्याआधी मी फडकं मांडीखाली सरकवलं होतं. फडक्यात आईनं त्या सकाळी दिलेली भाकर होती, नव्या नागलीची, अर्धी उरलेली. मला भूक नव्हती. नुसती खाली सोडली असती तरी पोरीनं झेलली असती. पण भाकर दिली असती तर ती आपल्याकडं होती हे कबूल करावं लागलं असतं. आत्याला ते दिसलं नाही, पोरीला दिसलं, आणि ती दोनदा वळली ती त्या फडक्यासाठी. त्या दोघी झाडीत दिसेनाशा झाल्यावर मी ती भाकर खाल्ली, बा.